पित्त, स्वभाव आणि दादरचा एक नंबर

प्रश्न : ताई, मी ४७ वर्षांचा आहे, एका सहकारी बँकेत हिशेब खात्यात काम करतो. प्रश्न जरा विचित्र आहे. दिवाळीनंतर आमच्याकडे एक ट्रेनिंग झालं. त्यात प्रश्नावली भरून घेतली आणि प्रत्येकाला चार अक्षरं दिली. मी ‘आयएसटीजे’ निघालो. घरी सांगितलं तर मुलगी हसली. ती मानसशास्त्र घेऊन एस. वाय. ला आहे. म्हणाली, ‘बाबा, ते सोडा, बिग फाइव्ह बघा.’ तिने दुसरी चाचणी भरून घेतली, त्यात स्वभावाच्या पाच गुणांच्या पाच टक्केवाऱ्या आल्या. बायको समुपदेशनाचा कोर्स करते आहे, तिच्याकडे ए-बी-सी आहे (घटना, मनातला विचार, परिणाम). वडील म्हणतात, मी लहानपणापासून रजोगुणी. ठाण्याच्या वैद्यांनी पित्त प्रकृती सांगितली आहे. मी या सगळ्याची एक्सेल शीट केली, सात कॉलम आणि बावीस ओळी. सोबत पाठवतो आहे. ताळा जुळत नाही. यातलं खरं मॉडेल कोणतं? आणि सगळी एका शीटमध्ये बसतील का?
ता. क. : घरात एका बाबतीत सगळ्यांचं एकमत आहे, की मी तापट आहे आणि स्वभावाला औषध नाही. गेल्या महिन्यात मी मुलीच्या हातातून मोबाईल हिसकावला, तो पडला, स्क्रीन फुटली. बँकेत मात्र बावीस वर्षांत माझा चढलेला आवाज कोणी ऐकलेला नाही.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : तुमच्या शीटची प्रिंट काढून मी ती जेवणाच्या टेबलावर पसरली आणि दोन संध्याकाळी तिच्याशी खेळत बसले. तुम्हा हिशेबवाल्यांचं हे मला आवडतं. आमच्यासारखी माणसं ‘मन अथांग असतं’ म्हणून सुटका करून घेतात, तुम्ही ओळी आखता. पण तुमचं खरं पत्र ता. क. मध्ये आहे, वरचं सगळं पाकीट. तरी आधी पाकीटच फोडू.

एम. ए. ला असताना मीसुद्धा असा तक्ता केला होता. फुलस्केपचे चार कागद डिंकाने चिकटवून. वर फ्रॉइड, युंग, कॅटेल, आयझेंक ही मानसशास्त्रज्ञांची नावं. डावीकडे चिंता, इच्छा, राग. मधे नुसते बाण. आमच्या सरांनी चहा पिता पिता तो पाहिला आणि एवढंच विचारलं, ‘ह्यातला प्रत्येक जण बघत कोणाकडे होता?’ मला उत्तर देता आलं नाही. फ्रॉइड व्हिएन्नात उपचाराला आलेल्या माणसांचं बोलणं ऐकत होता. आयझेंक दुसऱ्या महायुद्धात मानसिक त्रासामुळे इस्पितळात आलेल्या सैनिकांच्या नोंदी चाळत होता. आणि तुमच्या मुलीचं बिग फाइव्ह जिथून उगम पावलं, ते ऑलपोर्ट आणि ओडबर्ट १९३६ साली माणसांकडे बघतच नव्हते. ते डिक्शनरीकडे बघत होते. माणसाचं वर्णन करणारे सुमारे १८ हजार इंग्रजी शब्द त्यांनी वेचून काढले. पुढे इतरांनी त्यांची छाटणी केली, लोकांना एकमेकांवर ते शब्द लावायला सांगितले आणि कोणते शब्द एकत्र येतात ते मोजलं. पाच गठ्ठे झाले. म्हणजे बिग फाइव्ह हा मुळात लोक एकमेकांना कोणकोणती नावं ठेवतात याचा हिशेब आहे. चांगला, परत परत तपासलेला हिशेब आहे, पण आहे तो त्याचाच. आत काय चाललंय हे त्यात लिहिलेलं नाही.

तेव्हा प्रत्येक कॉलमच्या डोक्यावर आधी हे लिहा : हा माणूस कोणाकडे, कुठून बघत होता. सातांपैकी निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

उरलेली भांडणं नावांची. २०२३ च्या डिसेंबरापर्यंत दादरला दोन ‘एक नंबर’ फलाट होते, एक पश्चिम रेल्वेचा, एक मध्यचा. मी एकदा मैत्रिणीला ‘एक नंबरवर भेट’ सांगून पाऊण तास उभी राहिले, आणि तीही पाऊण तास उभी राहिली. दोघींचाही पत्ता बरोबर होता. शेवटी मध्य रेल्वेच्या फलाटांना आठपासून पुढचे आकडे दिले तेव्हा हा घोळ संपला. उलट बाजूने परळ आणि एल्फिन्स्टन रोड घ्या. स्टेशनं शेजारी-शेजारी, नावं दोन, आणि २०१८ पासून एल्फिन्स्टनचं प्रभादेवी झालं तरी नव्या माणसाला ही दोन वेगळी गावं वाटतात. मानसशास्त्रात या दोन चुकांना गमतीची नावं आहेत. नाव एक आणि वस्तू दोन, याला थॉर्नडाइकने १९०४ साली ‘जिंगल’ म्हटलं. वस्तू एक आणि नावं दोन, याला केलीने १९२७ साली ‘जँगल’.

तुमच्या शीटमधला ‘पित्त’ हा शब्द बघा. आपण किती अर्थांनी वापरतो तो! रात्री उशिरा मिसळ खाल्ली की सकाळी ‘पित्त झालंय’, म्हणजे ॲसिडिटी. अंगावर गांध्या आल्या की ‘पित्त उठलं’. मोबाईल हिसकावला तेव्हा तुमचं ‘पित्त खवळलं’. वैद्यांची पित्त प्रकृती हे चौथंच प्रकरण, आणि त्यात भूक, झोप, घाम, कातडी यांचा विचार आधी येतो. तुम्ही या चौघांना एका ओळीत बसवून समोर ‘राग : जास्त’ लिहून मोकळे झालात. ग्रीकांकडेही चार देहरस होते, त्यात पिवळं पित्त होतं आणि ते ज्याच्यात जास्त तो तापट. आयझेंकने तर ग्रीकांचे हे चार स्वभाव आपल्या दोन रेघांवर बसवून दाखवले : बहिर्मुख आणि मनाने चटकन अस्वस्थ होणारा, तो तापट, बहिर्मुख आणि शांत, तो आनंदी, अंतर्मुख आणि अस्वस्थ, तो उदास, अंतर्मुख आणि शांत, तो थंड. सुबक आहे. पण म्हणून ठाण्याच्या वैद्यांचं पित्त आणि आयझेंकचा तापट माणूस एक होत नाहीत. दोन ‘एक नंबर’ आहेत ते. तो कॉलम शीटमधून काढा आणि वैद्यांनी सांगितलेलं पथ्य पाळायचं तर वेगळं पाळा.

आता जुळणारं एक सांगते, म्हणजे तुम्ही अगदीच निराश होणार नाही. ऑफिसची चार अक्षरं युंगच्या १९२१ च्या पुस्तकावरून कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी बेतली. मॅक्रे आणि कॉस्टा यांनी १९८९ साली ती चार अक्षरं बिग फाइव्हच्या शेजारी ठेवून ताळा घेतला. पहिलं अक्षर बहिर्मुखतेशी जुळलं, दुसरं नव्या अनुभवांच्या ओढीशी, तिसरं मनमिळाऊपणाशी, चौथं शिस्तीशी. पाचवी रक्कम मात्र ब्रिग्ज मायलेकींच्या वहीत नाहीच. ती आहे न्यूरॉटिसिझमची, म्हणजे मन किती चटकन अस्वस्थ होतं याची. (याला आपल्या पाठ्यपुस्तकांत जो शब्द आहे तो मी मुद्दाम वापरत नाही, वाचूनच माणूस अस्वस्थ होतो.) ऑफिसांना ही चाचणी का आवडते, हे यावरून लक्षात येईल : कोणालाच काही वाईट ऐकावं लागत नाही. आणि तुमचा प्रश्न नेमका त्या गाळलेल्या रकमेत आहे. शिवाय अक्षरं देताना मधोमध सुरी फिरवलेली असते. बहुतेक माणसं मध्याच्या आसपास असतात, त्यामुळे ५१ वाला एका गटात, ४९ वाला दुसऱ्या, आणि पुढच्या महिन्यात परत भरलं तर अक्षर बदलतं. तुम्ही बँकेत एका रुपयासाठी असा वर्ग बदलू द्याल?

पुढचं तुमच्याच धंद्याच्या भाषेत. पासबुकात एका दिवशी २५ हजार जमा झाले, ती नोंद. महिन्याची सरासरी शिल्लक ही वेगळी गोष्ट. आणि खातं कशासाठी उघडलं, घराच्या हप्त्यासाठी की मुलीच्या शिक्षणासाठी, ही तिसरी. तिन्ही एकाच खात्याबद्दलच्या, तिन्ही खऱ्या. पण कोणी त्या एकाखाली एक मांडून बेरीज केली तर तुम्ही त्याच्या हातून कॅल्क्युलेटर काढून घ्याल. तुमच्या शीटमध्ये तेच झालंय. राग ही नोंद, बायकोचं ए-बी-सी नोंदीचं आहे. बिग फाइव्ह ही सरासरी. ‘मुलीचं मार्गी लागलं पाहिजे’ हे खातं उघडण्याचं कारण. डॅन मॅकॲडम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली हेच तीन मजल्यांत मांडलं : खाली स्वभावाचे गुण, मधे माणसाच्या धडपडी आणि काळज्या, वर तो स्वतःबद्दल सांगत असलेली गोष्ट. खालचा मजला पाठ असला म्हणून वरच्यावर काय आहे ते कळत नाही.

नोंद आणि सरासरी यांच्यामध्ये मात्र चढता-उतरता येईल असा पक्का जिना आहे. तो विल्यम फ्लीसन या मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली मोजून दाखवला. विद्यार्थ्यांकडून त्यांनी दोन-तीन आठवडे दिवसातून अनेकदा लिहून घेतलं : गेल्या तासाभरात तुम्ही किती बोलके होतात, किती नीटनेटके, किती अस्वस्थ. निघालं असं की एकच माणूस पंधरवड्यात जवळजवळ या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून येतो. पण त्याची या आठवड्याची सरासरी आणि पुढच्या आठवड्याची सरासरी कमालीची सारखी निघते.

फ्लीसन यांचा हा लेख मी कलिन्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयात वाचला आणि पटला नाही म्हणून स्वतःवर करून पाहिला. तेव्हा मी डोंबिवलीहून दादरला ये-जा करत होते. छोटी वही, मनगटावर गजराचं घड्याळ, दिवसातून पाच वेळा, चौदा दिवस. बोलकेपणाला एक ते सात गुण. सत्तरपैकी ६१ नोंदी झाल्या, बाकीच्या गर्दीत हात वर न निघाल्यामुळे राहिल्या. स्टाफरूममध्ये अकरा वाजता : २. परत स्टाफरूम : २. संध्याकाळी लेडीज डब्यात मेथी निवडत समोरच्या बाईला नणंदेच्या लग्नाची अख्खी हकीकत सांगत असताना घड्याळ वाजलं : ७, आणि माझी मलाच लाज वाटली. रविवारी दुपारी चार : १. पहिल्या आठवड्याची सरासरी ३.४, दुसऱ्याची ३.६. माझे सहकारी मला घुमी म्हणायचे, डब्यातल्या बायका बडबडी. दोघांकडे माझ्या पासबुकाचं एकेक पान होतं.

भावना आणि स्वभाव जोडणारी वाटसुद्धा इथूनच जाते. कॉस्टा आणि मॅक्रे यांना १९८० साली दिसलं की बहिर्मुख माणसांच्या खात्यात आनंदाच्या, उत्साहाच्या नोंदी जास्त पडतात आणि न्यूरॉटिसिझम जास्त असलेल्यांच्या खात्यात चिंता, राग, उदासी यांच्या. गंमत म्हणजे ही दोन वेगळी खाती आहेत. एकात भर पडली म्हणून दुसऱ्यातून वजा होत नाही. मनसोक्त हसणारा माणूस तितकाच चिडकाही असू शकतो. असा एखादा मामा प्रत्येक घरात असतो.

वडिलांच्या ‘रजोगुणी’बद्दल. ती गोष्ट मी कॉलममधून काढणार नाही, पण तिची जागा बदलेन. गीतेच्या चौदाव्या अध्यायात कृष्ण सांगतो की कधी सत्त्व बाकीच्या दोघांना दाबून वर येतं, कधी रज, कधी तम. म्हणजे तिथे गुण हा शिक्का नाहीच. तिन्ही प्रत्येकात आहेत आणि पारडं हलत राहतं. फ्लीसनच्या वहीला हे जवळचं आहे. फरक एवढाच, की बिग फाइव्ह ‘तुम्ही कुठे आहात’ सांगून थांबतं आणि त्रिगुण ‘कुठे जायला हवं’ तेही सांगतात. वडिलांनी तुम्हाला लहानपणी रजोगुणी म्हटलं तेव्हा ते वर्णन करत होते की ओरडत होते, हे तुम्हालाच माहीत.

आता ता. क. बावीस वर्षांत बँकेत आवाज नाही आणि घरी मोबाईल फुटला. तुम्हाला हा विरोध वाटतो, मला ही तुमच्या शीटमधली सर्वांत पक्की नोंद वाटते. वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली दाखवून दिलं की एका ठिकाणच्या वागण्यावरून दुसऱ्या ठिकाणचं वागणं सांगता येत नाही, निदान आपण समजतो तितकं तर नाहीच. पुढे नव्वदच्या दशकात त्यांनी आणि शोदा यांनी त्याचा दुसरा अर्धा भाग मांडला : माणूस जागोजागी वेगळा वागतो, पण ते वेगळेपण ठरलेलं असतं. एक मुलगा सवंगड्यांनी चिडवलं की हात उगारतो आणि मोठ्यांनी रागावलं तर गप्प असतो. दुसरा बरोबर उलट. दोघांच्या मारामाऱ्या मोजल्या तर संख्या सारखी. ‘तापट’ हा शब्द दोघांनाही बसतो आणि दोघांबद्दल काहीच सांगत नाही. ‘असं झालं की तो असं करतो’ हे वाक्य सांगतं.

तुमचं वाक्य काय आहे? मी इथून अंदाजच करू शकते. काउंटरवर ग्राहक ओरडतो तेव्हा तो बँकेवर ओरडतो, तुमच्यावर नाही. घरी तुम्ही काही विचारता आणि मुलगी मान वर न करता ‘हं’ म्हणते. ती ‘हं’ म्हणजे बायकोच्या कोर्समधला ए. मोबाईल हिसकावणं हा सी. मधला बी तुम्ही पत्रात लिहिलेला नाही. हे ए-बी-सी मांडणाऱ्या अल्बर्ट एलिस यांचं म्हणणं होतं की सगळी मेख त्या बी मध्ये, त्या क्षणी मनातून जाणाऱ्या वाक्यात असते. ‘या घरात माझ्या बोलण्याला किंमत नाही’ असं काही होतं का? की ‘मी कमावतो आणि ही वाया घालवते’? ही दोन वाक्यं वेगळी आहेत आणि त्यांचे उपायही.

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण घरात बंद करा. स्वभावावरच्या उपचारांचे दोनशेहून अधिक अभ्यास २०१७ साली एकत्र तपासले गेले. उपचारांचा काळ सरासरी सहा महिन्यांच्या आतबाहेर, आणि सर्वांत जास्त उतरलेली रक्कम कोणती, तर न्यूरॉटिसिझमची. माणूस बदलून दुसराच होत नाही. सरासरी थोडी सरकते, पण घरच्यांना ती जाणवण्याइतकी.

काम असं करा. जुनी शीट ठेवून द्या. पंधरा दिवसांची नवी काढा, चार कॉलमची : वेळ, समोर कोण होतं, त्या क्षणी मनातलं वाक्य, राग शून्य ते दहा. रोज पाच वेळा भरा. फक्त चिडलात तेव्हा भरलीत तर सरासरी खोटी येईल, हे तुम्हाला मी सांगायला नको. ती घेऊन एखाद्या समुपदेशकाकडे जा. बायकोकडे नको, कोर्स कितीही चांगला असला तरी.

आणि स्क्रीनचे पैसे दिलेत का? पत्रात त्याचा उल्लेख नाही.

*

प्रश्न : मॅम, मी एकांकिका करतो. आमच्या शिबिरात नवरस शिकवले. कॉलेजात मानसशास्त्राच्या लेक्चरला सहा मूलभूत भावना शिकवल्या. मित्राने प्लुचिकचं आठ भावनांचं चक्र पाठवलं. नऊ, सहा, आठ. यांचा मेळ लागतो का?
— एक विद्यार्थी, लालबाग

उत्तर : लागतो, पण तू चुकीची यादी घेऊन आलास. रस बाजूला ठेव आणि स्थायीभाव, म्हणजे पात्राचे मुख्य भाव, घे. भरताच्या नाट्यशास्त्रात ते आठ आहेत : रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय. नववा शांत रस मागाहून आला आणि अभिनवगुप्ताने तो ठामपणे उभा केला. आता कॉलेजात शिकवलेल्या, मानसशास्त्रज्ञ पॉल एकमनच्या सहा भावना शेजारी मांड : आनंद, दुःख, राग, भीती, घृणा, आश्चर्य. हास, शोक, क्रोध, भय, जुगुप्सा, विस्मय. सहाच्या सहा बसतात (हास आणि आनंद यांत थोडी ओढाताण आहे, पण चालवून घेऊ). रती आणि उत्साह उरतात. ते का उरले हा मला जास्त गोड प्रश्न वाटतो. एकमन चेहऱ्याचे फोटो घेऊन फिरत होता, पार पापुआ न्यू गिनीतल्या फोर लोकांपर्यंत. एका स्थिर फोटोत प्रेम दाखवून बघ बरं. उत्साह दाखव. होत नाही. त्याला वेळ लागतो, समोर कोणी असावं लागतं, चालावं-बोलावं लागतं, म्हणजेच नाटक लागतं. भरताकडे रंगमंच होता, एकमनकडे फोटो. दोघांच्या यादीतला फरक तेवढाच, आणि तो खूप आहे.

प्लुचिकचं चक्र १९८० चं. त्यात एकमनच्या सहा आहेत, शिवाय विश्वास आणि पुढच्याची वाट पाहणं. ‘वाट पाहणं म्हणजेच उत्साह’ असं म्हणून आठाला आठ जुळवायचा मोह होईल. जुळवू नकोस. एंट्रीच्या आधी विंगेत तुझ्या पोटात जे होतं ते वाट पाहणं. एंट्री घेतल्यावर जे अंगात येतं तो उत्साह.

रस का काढायला सांगितला? कारण शोक पात्राला होतो आणि करुण प्रेक्षकाला मिळतो. शोकाने कोणी तिकीट काढत नाही. यशवंत नाट्य मंदिरातून डोळे पुसत बाहेर पडलेली बाई ‘काय सुंदर झालं हो’ म्हणते, ती दुःखी नसते. एकमनच्या तक्त्यात या बाईला जागाच नाही. आणखी एक सापळा : ‘स्थायी’ शब्दावरून त्याला माणसाचा कायमचा स्वभाव समजू नकोस. तो त्या प्रसंगातला मुख्य भाव आहे, ज्याच्या भोवती ३३ व्यभिचारी भाव येऊन-जाऊन असतात. शंका, असूया, ग्लानी, चिंता वगैरे.

मला स्वतःला सर्वांत आवडते ती तिसरी यादी, सात्त्विक भावांची. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. थिजणं, घाम, काटा, आवाज फाटणं, कापरं, रंग उडणं, डोळ्यांत पाणी, शुद्ध हरपणं. सगळं शरीर. १८८४ साली विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने विचारलं होतं की आपण घाबरतो म्हणून थरथरतो, की थरथरतो म्हणून घाबरतो? त्याचं म्हणणं दुसरं. पुढे यावर शंभर वर्षं वाद झाला, आजच्या मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट म्हणतात की शरीरातली नुसती खळबळ आपण शब्दांनी आणि अनुभवाने ‘भीती’ किंवा ‘राग’ म्हणून घडवतो. या मताने बघितलं तर ज्या भाषेत ‘हुरहूर’ हा शब्द आहे त्या भाषेतल्या माणसाला हुरहूर जरा नेमकी जाणवत असावी. कुठल्याही चक्रात ती नाही. पुढच्या तालमीला प्रयोग कर : भाव मनात न आणता फक्त श्वास आखूड कर, हात थंड पाण्यात बुडवून ये, आवाज एका पट्टीत अडकव आणि संवाद म्हण. काय झालं ते मला कळव. मी उगाच विचारत नाहीये, मला हवं आहे ते.

*

प्रश्न : मुलाच्या (वय ९) दहाही बोटांचे ठसे घेऊन एका केंद्राने २६ पानी अहवाल दिला. त्यात त्याचं व्यक्तिमत्त्व, भावनिक बुद्धी, मेंदूचा कोणता भाग जास्त चालतो आणि त्याने कोणती शाखा घ्यावी, सगळं आहे. साडेचार हजार रुपये भरले. अहवाल अगदी तंतोतंत जुळतो. धाकटीसाठीही आगाऊ रक्कम भरली आहे. यावर विसंबावं का?
— एक आई, बोरिवली

उत्तर : नाही. ठशांवरून बुद्धी किंवा स्वभाव सांगण्याला शास्त्रीय आधार नाही. बोटांवरच्या रेषा बाळ पोटात असतानाच पक्क्या होतात आणि जन्मभर तशाच राहतात. तुमचा मुलगा गेल्या वर्षी काय खेळत होता आणि यंदा काय खेळतो, एवढं आठवून बघा.

तंतोतंत जुळतो म्हणता, तर १९४८ ची एक गोष्ट. बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचा अहवाल दिला. किती जुळतो, पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी चारच्या वर गेली. मग कळलं की सगळ्यांना एकच अहवाल दिला होता आणि त्यातली वाक्यं बहुतेक राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. तुमच्या २६ पानांतली कुठलीही दहा वाक्यं, मुलाचं नाव खोडून, शेजारच्या तीन आयांना वाचून दाखवा.

मोठ्याचे पैसे परत मिळतील असं मला वाटत नाही. धाकटीची आगाऊ रक्कम मात्र उद्याच लेखी अर्ज करून मागून घ्या, आणि अर्जाच्या प्रतीवर त्यांची पोच घ्यायला विसरू नका.